जुन्या अ‍ॅम्पची खरखर

मला पंख्याशिवाय झोप लागत नाही. हिवाळ्यातही लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बायकोनं विचारलं होतं, "अहो, हुडहुडी भरायलीय आणि हा पंखा काय करून राहिलाय वर?" मी म्हणालो, "सवय आहे." तिनं स्वतःसाठी आणखी एक गोधडी काढली आणि विषय तिथंच मिटला. नांदेडच्या आमच्या घरात पंखा, कूलर किंवा मोबाईलवर हळू लावलेलं एखादं भजन, काहीतरी चालू असतंच. अगदी शांत खोलीत मला बसवत नाही. विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अशा माणसानं शांततेला भ्यावं हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून मी ते कुणाला सांगत नसे.

कारण तसं साधंच आहे. मी किल्लारीकडच्या एका खेड्यातला. भूकंप झाला तेव्हा चौथीत होतो. गणपतीचं विसर्जन होतं. आईवडील उडदाची रास राखायला शेतातल्या आखाड्यावर, खोपटात मुक्कामाला होते. मिरवणूक बघायची म्हणून मी आणि माझी थोरली बहीण गावातल्या घरी राहिलो. ताई घर सांभाळण्याइतकी मोठी होती. आमचं घर दगडमातीचं, भिंती रुंद, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात त्या घरात इतकं गार वाटायचं की दुपारी शेजारचे लोक आमच्याकडं येऊन पडायचे. पहाटे ते सगळं आमच्या अंगावर आलं.

मी भानावर आलो तेव्हा तोंडात माती होती आणि पाय हलत नव्हते. एक तुळई तिरपी पडली होती, तिच्या आडोशाला मी सापडलो होतो. ताई जवळच कुठंतरी होती, पण दिसत नव्हती.

"बाळा, हायस का रे?"

"हाय."

"रडू नको. रडलं की माती आत जाती. मी गोष्ट सांगते. तू हुंकार दे."

आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं मधून मधून 'हं' म्हणायचं असतं. तो हुंकार. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, मग सांगणारा गोष्ट थांबवतो. ताईनं एका मुलीची गोष्ट सुरू केली. त्या मुलीला कोरड्या विहिरीच्या तळाशी एक दार दिसतं. ती पायऱ्या उतरते, तिला साप भेटतो, कासव भेटतं, प्रत्येक जण तिला परत फिर म्हणतो. मी हं म्हणत होतो. मी गप्प झालो की ती रागवायची, "हुंकार दे की!" मग फटीतून उजेडाची एक रेघ आत आली. तिचा आवाज बारीक होत चालला होता, मध्ये मध्ये ती दम खात होती. मुलगी दाराजवळ पोचली, तिनं कडीला हात घातला आणि ताई थांबली. मला वाटलं, पुन्हा दम खाते आहे. मी हं म्हणालो. थोडं थांबून पुन्हा म्हणालो. मग मी म्हणतच राहिलो.

ज्यांनी मला बाहेर काढलं त्यांनी नंतर आईला सांगितलं, की पोरगं आत कुणाशीतरी बोलत होतं, हं हं करत होतं, म्हणून घावलं.

तेव्हापासून आजूबाजूला एकदम शांत झालं की माझ्या तोंडून हुंकार जातो. माझं मला कळतही नाही. बायको विचारायची, "कुणाला हं म्हणालात?" मी म्हणायचो, "तुलाच." ताई भूकंपात गेली हे तिला माहीत होतं. हुंकाराचं माहीत नव्हतं.

बायको शाळेत शिकवते. संध्याकाळी तिला वह्या तपासायच्या असतात, त्यात माझ्या मोबाईलची बडबड तिला नको व्हायची. तिनं माझ्या वाढदिवसाला हेडफोन आणले. चांगले होते, मऊ गाद्यांचे, कान पूर्ण झाकणारे. मी ते चढवले आणि खोली बंद झाली. गाणं सुरू होण्याआधीच मानेवरून घामाची धार लागली. दोन्ही बाजूंनी मातीनं दाबल्यासारखं झालं. मी ते काढून खाटेवर टाकले. तिचा चेहरा उतरला.

"आवडले नाहीत?"

"कान गरम होतात," मी म्हणालो.

उघड्या पाठीचे हेडफोन मिळतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांच्या कपांना मागून जाळी असते, बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो. म्हणजे पंख्याचा आवाज येत राहणार आणि कोंडल्यासारखंही होणार नाही. मी शोधायला लागलो. मोबाईलवरच्या एका हौशी लोकांच्या ग्रुपवर मी प्रश्न टाकला. पुण्या-बंगळुरूच्या लोकांनी इंग्रजीत मोठमोठी उत्तरं दिली. लातूरच्या एका माणसानं मराठीत एवढंच लिहिलं, "वाचून कळत न्हाई. लातूरला या. प्लॅनर ऐका."

असे मला अप्पा भेटले.

अप्पांची आडत होती, तूर आणि हरभऱ्याची. वय साठीच्या पुढं, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, अंगात पांढरा सदरा. बोलणं लातूरचंच, पण मध्येच एखादा कानडी शब्द यायचा, कारण आई बिदरकडची. गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून थोडं आत त्यांचं घर होतं. वरच्या मजल्यावर ऐकायची खोली. जिन्यात डाळीचा वास यायचा. खोलीत एक खुर्ची आणि भिंतीला लागून कपाट, आणि कपाटात अ‍ॅम्प आणि डॅक एकावर एक रचलेले. डॅक म्हणजे मोबाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, आणि अ‍ॅम्प म्हणजे त्या आवाजात जोर भरणारा.

"सर, तुमी शिकवता हे सगळं," अप्पा म्हणाले, "म्हणून तुमाला काय सांगत न्हाई. नुसतं ऐका."

त्यांनी माझ्या डोक्यावर एक जड हेडफोन ठेवला आणि बासरीचं एक रेकॉर्डिंग लावलं. प्लॅनरमध्ये सायीसारखा पातळ पडदा असतो, त्यावर तारेची नक्षी, आणि बाजूला लोहचुंबकांच्या पट्ट्या. साध्या हेडफोनमध्ये पडद्याला मधोमध ढकलतात आणि कडा मागून येतात. इथं सगळा पडदा एकदम हलतो. हे मी फळ्यावर केव्हाही काढून दाखवू शकलो असतो. पण ऐकलं कधी नव्हतं. वाजवणाऱ्यानं ओठ ओले केले ते मला ऐकू आलं. त्याचा श्वास कुठं तोकडा पडला, तेही कळलं. वरचा पंखा फिरत होता, खालून रिक्षांचे आवाज येत होते, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध तो माणूस बसून वाजवत होता. कोंडल्यासारखं काहीच वाटलं नाही.

मी डोळे उघडले तेव्हा अप्पा हसत होते. "आलं का ध्यानात?"

त्या दिवाळीत मी तसाच हेडफोन घेतला. घरी आणून मोबाईलला जोडला, आणि आवाज आलाच, पण मेलेला. लातूरच्या उन्हाळ्यातल्या नळासारखा. नळ सुरू आहे म्हणायचं, पण धार नाही. आवाज पूर्ण वाढवला तरी ढोलकी कागदावर वाजवल्यासारखी. मी अप्पांना फोन केला.

"असंच हुणार. मोबाईलला त्यो झेपत न्हाई. प्लॅनरला करंट पाजावा लागतो, सर. नुसतं व्होल्टेज दाखवून भागत न्हाई."

मग आमचं जोड्या लावणं सुरू झालं. महिन्यातून एखाद्या रविवारी मी सकाळची एसटी धरायचो, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरायचो आणि वहिनींच्या, म्हणजे अप्पांच्या पत्नीच्या हातची धपाटी खाऊन वर जायचो. आम्ही एकेक डॅक, एकेक अ‍ॅम्प लावून बघायचो. अप्पांकडं व्हॉल्व्हचा एक सुंदर अ‍ॅम्प होता, दिव्यांसारखा पेटणारा. तो मी हौसेनं नांदेडला नेला. बायकोला तो फार आवडला, देवघरात ठेवू म्हणाली. पण माझ्या हेडफोनवर त्याचा खर्ज सैल पडला, भिजलेल्या हलगीसारखा. अप्पा म्हणाले, "मुलगी चांगली, मुलगा बी चांगला, पण गुण जुळले न्हाईत. व्हॉल्व्हला जास्त ओहमवाला हेडफोन लागतो. तुमचा कमी ओहमचा. परत आणा."

अप्पांची एक गोष्ट मला हळूहळू लक्षात आली. ते सुराबद्दल कमी बोलायचे आणि मागच्या शांततेबद्दल जास्त. नवा अ‍ॅम्प आला की ते गाणं लावायचे नाहीत. हेडफोन चढवून, काहीही न वाजवता, आवाजाचं बटण पूर्ण फिरवायचे आणि ऐकत बसायचे. जरा जरी खरखर ऐकू आली की त्यांचा चेहरा आक्रसायचा. तो अ‍ॅम्प मग कितीही गोड वाजो, खाली दुकानाच्या माळ्यावर जायचा. मला तो त्यांचा चोखंदळपणा वाटला. डाळीत खडा चालत नाही, तसं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडं एक नवी जोडी आली. चापून बसवलेले दोन लहान डबे, खाली डॅक, वर अ‍ॅम्प. अप्पांनी ते ऐकले आणि हेडफोन काढला. मग म्हणाले, "हेच. हेच धुंडीत होतो मी. सर, तुमी आठवडाभर घरी न्या. पण पंखा बंद करून ऐका बरं का. ह्याच्यामागं काय बी न्हाई. काळं कुळकुळीत."

मी त्यांचं ऐकलं. दुपारची वेळ होती. बायको मुदखेडला माहेरी गेली होती. मी खिडक्या लावल्या, कूलर बंद केला आणि मग पंख्याचं बटणही बंद केलं. पाती फिरत फिरत थांबेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होतो. एवढ्या वर्षांत हे मी स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच केलं असेल. बाहेर ऊन इतकं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी हेडफोन चढवला.

वाजायला लागलं तेव्हा अप्पांचं म्हणणं मला पटलं. अशी जोडी मी तोवर ऐकली नव्हती. हेडफोनला जे हवं होतं ते सगळं मिळत होतं. खर्ज घट्ट होता. तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी वेगळ्या दिसाव्यात तशा ऐकू येत होत्या. गाणारी बाई म्हातारी होती, तिच्या आवाजातली चीरसुद्धा स्वच्छ होती. मी सुखावलो. ते गाणं संपलं. तंबोरा विरत विरत गेला आणि त्याच्यामागं काहीच उरलं नाही.

एरवी गाणं संपलं तरी यंत्राची थोडी कुजबुज राहते. कुणीतरी शेजारच्या खोलीत आहे असं वाटत राहतं. इथं तसं काही नव्हतं. शांतता जवळ आली, मग आणखी जवळ आली, आणि मला माझ्या पापण्यांची उघडझाप ऐकू यायला लागली.

"हं," मी म्हणालो.

आणि मला पलीकडं कुणीतरी दम खात आहे असं वाटलं. आवाज आला असं मी म्हणणार नाही. यंत्रातून काहीही येत नव्हतं, ते मला पक्कं माहीत आहे, डब्यावरचा आवाज मोजणारा काटा शून्यावर होता. पण कुणीतरी बोलता बोलता थांबलंय, पुढचं वाक्य जुळवतंय, आणि मी हुंकार दिला तर ते पुढं सांगणार आहे, असं वाटत होतं. मी पुन्हा हं म्हणालो. मी किती वेळ तसा बसलो ते मला माहीत नाही. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. पुढचं गाणं मी लावलं नाही. मला हात उचलता येत नव्हता म्हणून नाही. मला ऐकायचं होतं.

दारावर थाप पडली. शेजारीण पाण्याचा टँकर आल्याचं सांगायला आली होती. मी हेडफोन काढला, पंखा लावला आणि बादल्या घेऊन खाली गेलो.

आठवडा पुरा व्हायच्या आधीच मी ती जोडी पिशवीत घालून लातूरला गेलो. अप्पांनी डबे उलटेपालटे करून बघितले.

"काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. फार शांत आहे, अप्पा."

"आता गं बया! शांत हाय म्हणूनच तर आणलाय की."

"मला झेपत नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग उठून पंखा मोठा केला. का केला कोण जाणे, पण त्यामुळं मला बोलता आलं. वर लिहिलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. माळवद, तुळई, विहिरीतलं दार, हुंकार. त्याआधी मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. आईला मी एवढंच सांगितलं होतं की ताई बोलत होती आणि मग झोपली.

माझं सांगून झाल्यावर अप्पांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "शेजारच्या गावात होतो मी."

तेव्हा ते तरुण होते. लातूरमध्येही घरं हादरली होती. सकाळी बातमी आली तशी गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापायला घेतल्या, आणि यांच्या वडलांनी आडतीचा ट्रक काढला. भाकरी, पाण्याची पिंपं आणि कुदळी घेऊन अप्पा त्या ट्रकवर गेले. भाकरी वाटायला गेलेली माणसं माती उपसायला लागली.

"तिथं एक माणूस शिट्टी मारायचा," अप्पा सांगत होते. "शिट्टी वाजली की सगळ्यांनी गप बसायचं. गाड्यांची इंजिनं बंद. रडणाऱ्या बायांच्या तोंडावर हात धरायचे. मग कान द्यायचा, खालून कोण बोलतंय का ते. हजारभर माणूस, आणि पाखरू बी बोलत न्हाई. तसली शांतता मी पुन्हा ऐकली न्हाई."

"मग?"

"एकदा मला ऐकू आलं. म्या हात वर केला. बाकीचे म्हणले, काय न्हाई, भास हाय. म्या म्हणलं, न्हाई, हाय. बारीक आवाज हाय, श्वासागत. हितं उपसा. लई उपसलं आमी. हातानं. नखं गेली माझी. दुपार कलली तेव्हा खाली पोचलो." अप्पांनी स्वतःची बोटं चोळली. "रेडू होता. ट्रान्झिस्टर. पडताना बटण फिरलं असंल. टेशन लागलं नव्हतं, नुसती खरखर चालली होती. त्याच्याजवळ चौघं होते. कवाच गेलेले."

पंखा फिरत होता. खालून त्यांच्या मुनिमाचा कुणाशीतरी चाललेला वाद ऐकू येत होता.

"खरखर आली की मला त्यो रेडू दिसतो," अप्पा म्हणाले. "म्हणून हे सगळं. बायकोला वाटतं, म्हातारपणी छंद लागला."

मला एकदम आठवलं की मीही कुणी असाच कान दिला म्हणूनच सापडलो. कुणीतरी शिट्टी मारली असेल, कुणीतरी हात वर केला असेल. तो माणूस अप्पा नव्हते, ते दुसऱ्या गावात होते. तरी मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. नखं नीट वाढलेली होती, फक्त दोन नखं वेडीवाकडी होती.

"चल खाली," अप्पा म्हणाले. सर सोडून ते मला पहिल्यांदाच तू म्हणाले, आणि मग तसंच राहिलं.

दुकानाच्या माळ्यावर पोत्यांमागं त्यांच्या नापसंतीचे सगळे डबे ठेवलेले होते. त्यातून त्यांनी एक जुना, रुंद, चांदीच्या रंगाचा अ‍ॅम्प ओढून काढला. तो हेडफोनचा नव्हताच, मोठ्या स्पीकरचा होता. वर बोटभर धूळ. "ह्याच्यात करंट बक्कळ हाय. बैल हाय बैल. तुझा प्लॅनर हसत खेळत वढंल. पण खरखरतो. म्या एक दिस बी ऐकला न्हाई."

मी तो नांदेडला आणला. हेडफोनचं साधं भोक त्याला होतं, पण त्यात मागं रेझिस्टर घातलेले असल्यानं करंट मरायचा, म्हणून थेट स्पीकरच्या जागी हेडफोन लावायचा होता. त्यासाठी दोन्ही कानांच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवाव्या लागतात, ऋण बाजू एकत्र केल्या तर अ‍ॅम्प जळू शकतो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून चार तारांची केबल जोडली, मीटर लावून तीनतीनदा तपासली. डॅक मात्र त्या शांत जोडीतलाच ठेवला, तेवढा अप्पांनी मला देऊनच टाकला. मग संध्याकाळी, बायको वह्या तपासत असताना, मी बटण दाबलं.

आधी खरखर आली. अगदी बारीक, लांबवर कुणीतरी तांदूळ पाखडत असल्यासारखी. मग तंबोरा आला, मग ती म्हातारी बाई. त्या शांत जोडीइतकं स्वच्छ नव्हतं, तारा थोड्या एकमेकींत मिसळत होत्या. पण जोर होता, अंग होतं, आणि गाणं संपल्यावर खरखर तशीच चालू राहिली. मी गप्प बसू शकलो. हुंकार आला नाही.

त्याच आठवड्यात मी बायकोला सगळं सांगितलं. अप्पांना सांगून झाल्यावर ते सोपं गेलं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला हं म्हणत नव्हतात." मी 'नाही' अशी मान हलवली. तेव्हापासून तिनं पंख्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पावसाळ्यात मी आईकडं गेलो. लातूरहून औशाच्या रस्त्यानं जीपनं. नव्या वसाहतीत सरकारनं बांधून दिलेल्या घरात ती राहते, चुलतभाऊ शेती बघतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून शेंगा फोडायला लागलो आणि बोलता बोलता विचारलं, "आई, ताई एक गोष्ट सांगायची. विहिरीत दार असलेली. शेवट काय होता गं तिचा?"

आईचे हात थांबले नाहीत. "कंची विहीर?"

"कोरड्या विहिरीच्या तळाला दार असतं. मुलगी उतरती, तिला साप भेटतो, कासव भेटतं."

"मला कधी सांगितली न्हाई तिनं," आई म्हणाली. "ती मनानंच रचायची रे. तोंडाला येईल ते. आज एक, उद्या दुसरीच. तिला तरी कुठं ठावं आसायचं शेवट." मग सुपातल्या शेंगा चाळवत तिनं विचारलं, "तुला कवा सांगितली?"

मी खरं ते सांगितलं. आई पदरातल्या टरफलांसकट उठली आणि आत गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला. जेवताना तिनं मला दोन भाकरी जास्त वाढल्या. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पण मी निघताना तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

यंदा संक्रांतीच्या सुमारास अप्पांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो म्हणाले. सून सारखी म्हणायची, तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही. डॉक्टरनं मशीन लावून तपासलं आणि सांगितलं, बारीक आवाज गेले, वयाचा दोष आहे, बोलण्यातले मोठे आवाज अजून शाबूत आहेत.

"मग मी काय केलं म्हाईत हाय का?" अप्पा म्हणाले. "माळ्यावरचे सगळे खरखरणारे अ‍ॅम्प काढले आणि एकेक लावला. एकाची बी खरखर ऐकू येईना. सगळे शांत. तुझ्या बैलाचा भाऊ हाय की, त्यो बी शांत."

मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. मी तसं म्हणालो.

"न्हाई रे," ते म्हणाले. "भायेरची गेली. आतली हाय. आता ती अ‍ॅम्पची का माझी, ते बी कळंना."

त्यानंतरच्या रविवारी मी लातूरला गेलो. अप्पा खुर्चीत बसले होते, समोर ती शांत जोडी, म्हणजे तिचा अ‍ॅम्प आणि एक नवा डॅक. त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. "ऐकून सांग. मागं काय हाय का?" मग स्वतः उठून त्यांनी पंखा बंद केला.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण हे तपासायला त्यांच्याकडं दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला ते का तपासायचं हे कळलंही नसतं. मी हेडफोन चढवला. आवाजाचं बटण त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण फिरवलं. गाणं नव्हतं. अप्पा समोर उकिडवे बसले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांचा हात खांद्याइतका वर उचललेला होता, तेव्हा ढिगाऱ्यावर केला असेल तसाच धरलेला.

"काही नाही, अप्पा," मी म्हणालो. त्यांनी हात खाली घेतला आणि चहा सांगितला.

आता प्रत्येक वेळी गेलो की हे होतं. कधीकधी मला मागं काहीतरी आहे, कुणीतरी दम खात आहे असं वाटतं. ते अ‍ॅम्पचं नसतं. तेव्हाही मी अप्पांना काही नाही म्हणूनच सांगतो, आणि मग आम्ही चहा घेतो.